पट्टे सरकतात की थिजलेले? जुन्या व्हिडिओ गेमच्या चित्राबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. दिग्रसजवळच्या एका गावातल्या भाऊंना माळ्यावरच्या लोखंडी पेटीत नव्वदच्या दशकातला व्हिडिओ गेम सापडला. दोन जॉयस्टिक, एक पिवळी कॅसेट, एक काळा एलिमिनेटर. घरच्या ३२ इंची एलईडीला लावला तर रंग धुतल्यासारखे, चित्रावर उभे पट्टे, मधूनच एक आडवी सावली वर सरकत जाते, आणि कधी कधी टीव्ही ‘नो सिग्नल’ म्हणून मोकळा होतो. शहरातल्या एका कारागिरानं सांगितलं की आत आरजीबीचं मॉड, म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगळे बाहेर काढायचा बदल, करावं लागेल, ४,५०० रुपये लागतील. करावं का?

नका करू, भाऊ. तुमच्या मशीनमध्ये आरजीबी नाहीच, तर तो काढणार कुठून? मी दारव्ह्यात २६ वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय, त्यातली निम्मी डबा टीव्हीच्या पाठीत डोकं घालून गेली. असले गेम माझ्याकडं अजूनही येतात, बहुतेक कुणाच्या तरी लहानपणासकट. त्यांचं चित्र चिपमधून निघतं तेव्हा बऱ्यापैकी असतं. पुढं वाटेत मार खातं. कुठं खातं ते शोधलं की काम ५० रुपयांच्या सामानात होतं.

आधी मशीन काय आहे ते सांगतो. जपानच्या निन्तेंदोनं १९८३ साली फॅमिकॉम काढला. आपल्याकडं गावोगावी आले ते त्याच्या तैवानी-चिनी नकला. त्यात दोन जाती. जुन्या, जड जातीत दोन मोठ्या ४० पायांच्या चिप असतात, बहुधा यूएमसी कंपनीच्या: यूए६५२७पी हिशेब करते आणि यूए६५३८ चित्र काढते. नंतरच्या हलक्या जातीत सगळं एकाच काळ्या डांबरी थेंबाखाली. चित्र दोन्हीत सारखंच निघतं: चिप रंग आणि उजेड आतच एकत्र कालवून थेट कॉम्पोझिट, म्हणजे आपल्या पिवळ्या पिनेचा सिग्नल, बाहेर देते. लाल, हिरवा, निळा वेगळे असे तिच्यात कधी होतच नाहीत. एकदा फोडणीत पडलेली हळद आणि तिखट परत वेगळं करता येत नाही.

मग जगात लोक फॅमिकॉमला आरजीबी करतात ते कसं? त्यासाठी नेसआरजीबी नावाचा वेगळा बोर्ड मिळतो, ऑस्ट्रेलियातल्या टिम वर्दिंग्टननं बनवलेला. तो चित्राच्या चिपच्या बैठकीत बसतो, तिला थोडं फसवून तिच्याकडून रंगाचे नुसते आकडे काढून घेतो आणि रंग स्वतः बनवतो. काम सुंदर आहे. पण तो अस्सल निन्तेंदोच्या चिपसाठी. डांबरी थेंबाच्या मशीनमध्ये तो बसवायला जागाच नाही. तुमच्या कारागिरानं काय डोक्यात धरून आकडा सांगितला ते त्यालाच ठाऊक.

आता तुमचं दुखणं. तुम्ही एकाच वाक्यात दोन पट्टे सांगितलेत, उभे आणि आडवे. ते दोन वेगळे आजार आहेत, आणि बहुतेक जण इथंच घसरतात.

आडवी, हळूहळू वर किंवा खाली सरकणारी सावली म्हणजे वीज. एलिमिनेटरमधला ट्रान्सफॉर्मर २३० चे ९ व्होल्ट करतो, चार डायोड ते सरळ करतात, कंडेन्सर त्यातली लाट बसवतो. कंडेन्सर वाळला की लाट उरते. आपली लाइन ५० हर्ट्झची, चार डायोडनंतर लाट होते १०० ची, आणि मशीन सेकंदाला ५० वेळा चित्र काढतं. म्हणून पडद्यावर दोन सावल्या दिसतात, आणि वेग अगदी तंतोतंत जुळत नसल्यामुळं त्या सरकतात. दोनऐवजी एकच जाड सावली असेल तर चारातला एखादा डायोड गेलाय असं समजा. मीटर लावायच्या आधी मी सावल्या मोजतो.

यात आपल्याकडची खास गंमत आहे. एका किराणा दुकानदारानं मला असाच गेम तीन वेळा आणून दिला. “संध्याकाळी पट्टे येतात भाऊ, तुमच्याकडं आणला की लेकाचे पळून जातात.” दोन वेळा मी ‘काही बिघाड नाही’ म्हणून परत पाठवला, वर मनात हसलोही. पुढं त्याच्याच गावात एक टीव्ही पाहायला गेलो, रबीचे दिवस, विहिरींवरच्या मोटारी चालू, आणि मीटर लावलं तर बोर्डावर १६५ व्होल्ट. मग डोक्यात उजेड पडला. गेमच्या आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. तो ५ व्होल्ट देतो, पण त्याला आत यायला साधारण ७ तरी लागतात. १६५ वर ९ चा एलिमिनेटर साडेसहाच्या आसपास उतरतो, रेग्युलेटरचे हात टेकतात आणि लाट जशीच्या तशी चित्रात शिरते. माझ्या दुकानात २२५ व्होल्ट होते. तिथं पट्टे दिसणार कसे?

याची तपासणी तुम्ही घरबसल्या करू शकता. फवारणीच्या पंपाची १२ व्होल्टची बॅटरी असेल ना? एलिमिनेटर बाजूला ठेवा आणि गेम त्या बॅटरीवर दहा मिनिटं चालवून बघा. बॅटरीत लाट नसते. सावली गेली तर दोषी एलिमिनेटर, राहिली तर दोष दुसरीकडं. पण तीन गोष्टी सांभाळून. एक, एलिमिनेटरच्या पिनेचा आतला भाग प्लस की मायनस ते त्याच्यावरच्या खुणेवरून आणि मीटरनं नक्की करा. या गेमांत बऱ्याचदा आतला मायनस असतो, म्हणजे आजच्या राउटरच्या अ‍ॅडॅप्टरच्या बरोबर उलटा. उलटं लागलं तर रेग्युलेटर जातो, कधी त्याच्यासोबत चिपही. दोन, वायरीत १ अँपिअरचा फ्यूज टाका, कारण पंपाच्या बॅटरीच्या दोन तारा एकमेकींना लागल्या तर तार लालबुंद होते. तीन, गेम उघडून पहिल्या कंडेन्सरवर किती व्होल्ट लिहिलंय ते वाचा. १६ किंवा जास्त असेल तरच बॅटरी लावा, १० असेल तर नको, कारण भरलेली बॅटरी १३ च्या आसपास देते. रेग्युलेटर तापेल, त्यानं घाबरू नका. त्याला उष्णता ओढून घेणारा पत्रा नसेल तर मात्र पाचच मिनिटांत आटपा.

एलिमिनेटरच दोषी निघाला तर त्यात नवा २,२०० मायक्रोफॅरडचा २५ व्होल्टवाला कंडेन्सर टाका. त्याहून बरं म्हणजे राउटरचा ९ व्होल्ट १ अँपिअरवाला अ‍ॅडॅप्टर पिना उलटवून वापरा. तो १०० ते २४० पर्यंत काहीही आलं तरी ९ च देतो. गावात हाच एक बदल अर्ध्याहून जास्त मशीनना पुरतो असा माझा अनुभव आहे. स्वस्तातला अ‍ॅडॅप्टर कधी चित्रात बारीक तिरपी रवाळ आणतो. तेव्हा गेमच्या आत, वीज शिरते तिथं, ४७० मायक्रोफॅरड आणि सोबत ०.१ चा चकतीसारखा सिरॅमिक लावला की बसते.

कंडेन्सर का वाळतात हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. दर १० अंशांना कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तुमचा गेम तिथं वीसेक उन्हाळे झोपला होता. आतले सगळे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, असतील सात-आठ, डोळे मिटून बदला. बोर्डावर कापसाची सरकी-धूळ बसलेली असेल, ती ब्रशनं कोरडीच काढा. फुंकर मारू नका, थुंकी उडते. कॅसेटच्या तोंडालाही फुंकर नको, स्पिरिटचा बोळा फिरवा. लहानपणी आपण सगळ्यांनी फुंकलं, आणि सगळ्या कॅसेटींचे दात गंजवले.

आता उभे पट्टे. हे थिजलेले असतात, हलत नाहीत, एका रंगाच्या मोकळ्या आभाळावर ठळक दिसतात. वीज बदलून ते जात नाहीत. चित्राची चिप दर दोन ठिपक्यांना मेमरीशी बोलत असते, त्या बोलण्याची कुजबुज शेजारून जाणाऱ्या चित्राच्या ट्रॅकमध्ये शिरते. नकली बोर्डांवर हा ट्रॅक चिपपासून निघून सगळ्या गर्दीतून फिरत आरएफच्या पत्र्याच्या डब्याकडं (हाच मॉड्युलेटर, चित्र अँटेनाच्या तारेतून पाठवणारा) जातो. उपाय असा की चित्राला त्या वाटेनं जाऊच द्यायचं नाही, चिपच्या पायाशीच उचलायचं.

४० पायांच्या चिप असतील तर त्यातल्या चित्राच्या चिपवर खाचेकडून डावीकडं पहिला पाय, तिथून खाली मोजत विसावा, आणि विसाव्याच्या समोरचा एकविसावा. चित्र तिथं. त्या पायाचं सोल्डर पूर्ण ओढून घ्या, पाय भोकात मोकळा हलतो का बघा, मगच हळूच वर उचला. मी माझ्या पहिल्या मशीनला घाई केली आणि पाय मुळापासून मोडला. मग अर्धी रात्र कानसेनं चिपचं काळं अंग घासत बसलो, आतला धातू चमकेपर्यंत. त्या ठिपक्याएवढ्या धातूवर तार डकवली. चालला गेम, पण ती रात्र मला परत नको.

उचललेल्या पायाशी एक पीएनपी ट्रान्झिस्टर लावायचा. पाय त्याच्या बेसला. कलेक्टर ग्राउंडला. एमिटरपासून ३०० ओहमचा रजिस्टन्स ५ व्होल्टकडं, आणि त्याच एमिटरपासून ११० ओहमचा रजिस्टन्स, पुढं २२० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, प्लस बाजू गेमकडं, आणि तिथून पिवळी पिन. चित्र फार भडक आलं तर ११० वाढवा, मंद आलं तर कमी करा. २एसए१०१५ टाका, नाही मिळाला तर बीसी५५७ कुठंही मिळतो. पण दोघांचे पाय वेगळे! सपाट बाजू आपल्याकडं धरली तर १०१५ चे डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस. ५५७ चे कलेक्टर, बेस, एमिटर. ‘सर्किट बरोबर आहे तरी चित्र काळं’ म्हणून पोट्टे माझ्याकडं येतात, त्यात हीच चूक निघते. चिपच्या २० आणि ४० व्या पायांत, म्हणजे ग्राउंड आणि ५ व्होल्टमध्ये, ०.१ चा सिरॅमिक बोर्डाच्या मागून थेट लावा. बाहेर जाणारी तार माइकची शिल्डेड वापरा, जाळी एकाच टोकाला ग्राउंड करा. पट्टे शंभर टक्के जात नाहीत. फिके होतात, इतके की पाच मिनिटांत डोळा विसरतो.

थेंबवाली जात असेल तर पाय उचलायला नाहीच. आरएफच्या डब्यात बोर्डाकडून जाणाऱ्या तीन-चार तारा शोधा. एकीवर मीटरला ५ व्होल्ट मिळतील, ती सोडा. उरलेल्यांवर २२० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मध्ये धरून टीव्हीच्या पिवळ्या पिनेची तार एकेक टेकवत जा. जिथं चित्र उमटेल ती व्हिडिओ, जिथं पडद्यावर नुसती थरथर येईल ती आवाजाची. सापडलं की डब्याचे ५ व्होल्ट तोडा, मॉड्युलेटर बंद झाला की त्याचा गोंगाटही थांबतो. पण आधी बघा, काही बोर्डांवर पुढची वीज त्याच डब्यातून वळून जाते. तुमच्या गेमला बाजूला पिवळी-पांढरी सॉकेट आधीपासून असतील तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या. आणि तुम्ही आजवर अँटेनाच्या तारेनंच लावत असाल, तर नुसतं आरएफवरून एव्हीवर आल्यानं मुंग्या जातील, रंग बसतील.

इथपर्यंत गेमची बाजू झाली. ‘नो सिग्नल’ हे मात्र गेमचं पाप नाही.

जुना टीव्ही चित्र कसं काढतो? एक तास (नांगराची रेघ) सोडून एक, अशी पेरणी. आधी विषम तास, मग परत वरून येऊन सम तास, दोन फेऱ्यांत ६२५ ओळींचं शेत पूर्ण. हे गेम मात्र दर फेरीला त्याच त्या तासांवरून जातात, मधले तास मुद्दाम पडीक ठेवतात. त्यात खरं चित्र २४० ओळींचं. डबा टीव्हीला त्याचं काही वाटत नाही, तो गुमान काढतो, आणि मधल्या काळ्या रेघांमुळं चित्र उलट कोरीव दिसतं. एलईडीला वाटतं दुसरी फेरी हरवली. काही सेट सरळ हात वर करतात, बाकीचे दोन फेऱ्या एकत्र करून बसवतात. त्यामुळं हलणारी वस्तू फणीसारखी दिसते, लुकलुकणारी सावली गायबच होते. शिवाय या कालवाकालवीला दोन-चार फेऱ्या वेळ लागतो, आणि एक फेरी २० मिलिसेकंदांची. बटण वेळेवर दाबूनही तो मिशीवाला खड्ड्यात पडतो, आणि पोरं म्हणतात बाबाला खेळता येत नाही.

बाजारात एव्ही टू एचडीएमआयचा छोटा पांढरा डबा मिळतो. ‘नो सिग्नल’ तो बऱ्याचदा घालवतो, पण पेरणीचा गैरसमज त्याचाही तोच. चित्र चिकट येतं आणि उशीर आणखी वाढतो. हे काम नीट करणारे डबे आहेत: कॉम्पोझिट घेणारा रेट्रोटिंक-२एक्स, आरजीबीवाल्या मशीनसाठी ओएसएससी. ते या सिग्नलला ओळखतात, प्रत्येक ओळ दोनदा काढून पुढं पाठवतात, उशीर जवळजवळ नाही. पण बाहेरून मागवावे लागतात, आणि तुमच्या गेमपेक्षा कितीतरी पट महाग पडतात. कुणी जीबीएस-८२०० चा स्वस्त हिरवा बोर्ड सुचवेल. त्यावर ईएसपी८२६६ नावाची छोटी वायफाय चिप जोडून जीबीएस-कंट्रोल नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं तर तो फार छान होतो, माझ्या बाकावर एक आहे. पण तो आरजीबी आणि कॉम्पोनंट (तीन तारांतून येणारं चित्र) घेतो, पिवळी पिन घेत नाही. तुमच्या उपयोगाचा नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: एव्ही सॉकेट असलेला एक चालू डबा टीव्ही भंगारात जायच्या आधी उचला. गावात अजून मिळतात, लोक जागा मोकळी होते म्हणून खुशीनं देतात. फक्त त्याचं पाठ तुम्ही उघडू नका. २१ इंची रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर २५ हजार व्होल्टच्या आसपास असतात, आणि बंद केल्यावरही बराच वेळ ट्यूब तो भार धरून ठेवते. एव्ही सॉकेट नसलेल्या जुन्या सेटला आतून पिवळी पिन काढायच्या भानगडीतही पडू नका. काहींची चेसिस थेट लाइनला असते, म्हणजे पोरांच्या हातातल्या जॉयस्टिकपर्यंत करंट. एलईडीवरच खेळायचं असेल तर निदान गेम मोड लावा, शार्पनेस खाली आणा, आणि चित्र ४:३ ठेवा. आडवं ताणू नका.

याच निमित्तानं दोन मशीनबद्दल, कारण शेजारपाजारचे विचारतीलच. सेगाचा अस्सल मेगा ड्राइव्ह कुणाकडं असेल तर तिथं आरजीबी फुकट आहे. त्याची चिप तिन्ही रंग वेगळे काढते आणि ते मागच्या गोल सॉकेटवर आलेलेच असतात. आत सोल्डर लावायची गरज नाही, केबल नीट बनवा. आणि पीएस२ ला तर कुणी मॉडचे पैसे मागितले तर सरळ उठून या. पाच पिनांची कॉम्पोनंट केबल घ्या, आधी पिवळ्या पिनेवर असतानाच सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन आरजीबी बदलून ‘वाय सीबी’ वालं निवडा, मग केबल लावा. हा क्रम चुकला की रंग विचित्र येतात आणि लोक केबल खराब म्हणून परत करतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण खेळायला बसल्यावर जाणवेल. तुमचा गेम सेकंदाला ५० फेऱ्यांचा, जपान-अमेरिकेतला अस्सल ६० चा. खेळ लिहिले गेले ६० साठी. म्हणजे आपण सगळे ते खेळ सहाव्या हिश्शानं संथ खेळत मोठे झालो, गाण्यासकट. मोबाइलवर तेच खेळ लावले की माझ्या वयाचे लोक म्हणतात, “हे लय पळते राजेहो, काहीतरी बिघडलं.” ते दुरुस्त करायला मी कधी जात नाही.

तर भाऊ, सध्या कपाशीवरची फवारणी आटोपली असेल तर पंपाची बॅटरी मोकळी असेल. आधी तेवढी तपासणी करा, संध्याकाळी मोटारी चालू असताना करा. मग मला दोनच गोष्टी सांगा: सावली गेली की राहिली, आणि झाकण उघडल्यावर आत ४० पायांची चिप दिसते की काळा थेंब. पाय उचलायचा असेल तर तो माझ्यासमोर उचला, कानस मी बाजूला काढून ठेवली आहे.